फटाक्याची दारू घरात नको, वावरातही नको

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



दारू म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. तिच्यासाठी आपण ठराव घेतले, मोर्चे काढले. आज मी दुसऱ्या दारूबद्दल बोलणार आहे. फटाक्याची, बंदुकीची काळी दारू. ही आपल्या घरात तीन वाटांनी शिरते. एक, दिवाळीच्या आधी कोणीतरी येतो आणि म्हणतो, "ताई, घरबसल्या काम आहे, वाती भरायच्या, नगामागे पैसे." दुसरी, पोरं मोबाईलवर बघून फटाके बनवायला बसतात. तिसरी, रानडुक्करं पिकाची नासाडी करतात म्हणून घरचा माणूस गावठी बॉम्बचा विचार करतो.

तिन्ही वाटा बंद का करायच्या, हे सांगायला आपल्याला नागपूर जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. 17 डिसेंबर 2023 ला अमरावती रोडवर बाजारगावच्या दारूगोळा कारखान्यात स्फोट झाला. 9 कामगार गेले, त्यात 6 बाया होत्या. 13 जून 2024 ला त्याच रोडवर धामण्याला स्फोट झाला. तिथंही गेल्या त्यात जास्त करून बायाच, काही तर लग्न न झालेल्या पोरी. 16 फेब्रुवारी 2025 ला काटोल तालुक्यात कोतवालबड्डीच्या फटाका कारखान्यात दोघांचा जीव गेला. आपल्यापैकी कोणाची नातेवाईक, कोणाची शेजारीण अशा कारखान्यांत कामाला जाते. त्यामुळे ही बातमी आपल्यासाठी फक्त पेपरातली नाही.

आता विचार करा. हे परवाना असलेले कारखाने. तिथं शेड एकमेकांपासून लांब असतात, मधे मातीचे बांध असतात. एका शेडमध्ये मोजकीच माणसं आणि मोजकाच माल ठेवायचा, असा नियम असतो. तरी माणसं गेली. मग आपल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं चूल आहे, देवाजवळ दिवा आहे, पलंगाखाली लेकरू खेळते, तिथं काय होईल?

पुण्याकडचं उदाहरण तर आपल्यासाठीच आहे. 8 डिसेंबर 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात आग लागली. काम कोणतं, तर वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या भरायचं. दिसायला हलकं, बसून करायचं काम. परवाना नव्हता. 6 बाया जागीच गेल्या, नंतर दवाखान्यात आणखी गेल्या.

काही जणी म्हणतील, "आम्ही जपून करू." ताईंनो, जपून स्वयंपाक होतो, जपून ही दारू होत नाही. चुलीची आग आपण झाकली की विझते, कारण तिला हवा मिळत नाही. या दारूला बाहेरची हवा लागतच नाही. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या मसाल्यातच असतो. म्हणून गोधडी टाकली, माती टाकली, तरी ती जळतच राहते. आणि पेटायला काडीच लागते असंही नाही. भांड्यावर भांडं घासलं, मिक्सरमध्ये ठिणगी पडली, तरी पुरे. थंडीत नायलॉनची साडी काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढी ठिणगीसुद्धा धोक्याची. तिची धूळ फटीत बसते, कपड्यात बसते. ओली झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, वाळली की पुन्हा पेटते. मोकळ्यावर ती भक्कन जळते, पण नळीत किंवा डब्यात ठासली की फुटते.

गंधक-पोटॅशचा बार तर आणखी वाईट. तो नुसत्या ठोक्यानं उडतो. क्लोरेट पोटॅश आणि गंधक एकत्र करून स्फोटक बनवायला देशात 1992 पासून बंदी आहे.

वावरातल्या बॉम्बचंही तेच. डुक्कर येईल तेव्हा येईल, आधी आपलीच गाय तोंड लावते आणि तिचा जबडा फाटतो. नाहीतर पोरगं चेंडू समजून उचलते. पिकाचं नुकसान झालं तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. अर्ज लिहायला सीआरपी ताई मदत करतील.

आता मजुरीचं. कारखान्यातल्या बाईचं नाव हजेरीपटावर असते, तिच्या घरच्यांना भरपाई मागता येते. घरी वाती भरणाऱ्या बाईचं नाव कुठंच नसते. माल आणून देणारा दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. उलट 1884 चा स्फोटक कायदा आणि 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा यांखाली गुन्हा लागू शकतो तो ज्याच्या घरात माल सापडला त्याच्यावर. परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, 'पेसो'चं, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. म्हणून असं काम घेऊन कोणी आलं तर पहिला प्रश्न विचारा: परवाना दाखवा. तो कारखान्याच्या जागेचा असतो, तुमच्या घराचा नसतो. म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे.

घरात असा माल असेल तर झाडू नका, हलवू नका, जाळू नका, नालीत टाकू नका. लेकरांना घेऊन बाहेर या आणि 112 ला फोन करा. कोणी भाजलं तर जखमेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. डोळ्याला लागलं तर चोळू नका, दाबू नका. लगेच 108 ला फोन करा.

शेवटी सभेपुढे तीन ठराव ठेवते. दारू भरायचं काम आपल्या कोणत्याही गटाची बाई घरी घेणार नाही. घरबसल्या कामाची कोणतीही ऑफर आली तर आधी ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवायची. आणि पैशाच्या अडचणीमुळं एखादी ताई अशा कामाकडे वळत असेल, तर तिला बोल लावण्याआधी गटानं तिला अंतर्गत कर्ज द्यायचं. तिसरा ठराव सगळ्यात महत्त्वाचा, कारण दारू भरायला बाई हौसेनं बसत नाही, गरजेनं बसते.

ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा, आणि सचिव ताई, इतिवृत्तात नोंद घ्या.