ब्रॉन्कोस्कोपी आणि अभयदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेले भाषण)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली आहेत. पहिल्या तिन्ही दानांची नोंद कोणत्याही ट्रस्टच्या वहीखात्यात सापडते. अभयदान म्हटले की मात्र केवळ पांजरपोळ आठवते. रुग्णालयाच्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहणारा माणूस हाही एक भयभीत जीवच असतो, याचे स्मरण क्वचितच होते. आजचा विषय त्या माणसाचा आहे.

एखाद्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचा खोकला महिना उलटला तरी थांबत नाही. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसावर डाग दिसतो आणि डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी, लिहून देतात. घरात कुजबुज सुरू होते. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, काही नाही, नुसता घसा बघणार आहेत.’’ शेजारचे कोणी सांगते, ‘‘फार त्रास होतो, जीव गुदमरतो.’’ एक सत्य लपवतो, दुसरा ते फुगवून सांगतो. परिणाम एकच होतो. तपासणी पुढे ढकलली जाते. कर्करोग असो वा क्षयरोग, निदानाला लागलेला उशीर पुढे भरून निघत नाही. रुग्णाचा दिलासा ही चैनीची बाब नव्हे. निदान वेळेवर होणे त्यावर अवलंबून असते.

या तपासणीचा इतिहासही वेदनाशमनाशी जोडलेला आहे. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा धातूच्या सरळ नळीतून बाहेर काढला. घसा बधिर करणारे औषध त्या काळी उपलब्ध झाले होते, म्हणूनच हे शक्य झाले. पुढे १९६०च्या दशकात जपानचे डॉ. शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण विकसित केली आणि रुग्णाला पूर्ण भूल न देता तपासणी करण्याचा मार्ग खुला झाला.

आजची लवचीक नळी साधारण पाच ते सहा मिलीमीटर जाडीची असते. मुख्य श्वासनलिका तिच्यापेक्षा कितीतरी रुंद असल्याने नळीच्या कडेने हवा ये-जा करीत राहते. रुग्णाला गुदमरल्यासारखे वाटले तरी श्वास चालूच असतो. नाकाशी प्राणवायू असतो आणि बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सतत दाखवीत असते. एवढे आधी शांतपणे समजावून सांगितले तरी निम्मी भीती ओसरते. केवळ पाहणी असेल तर काम बहुधा दहा-वीस मिनिटांत आटोपते. तुकडा काढायचा असेल किंवा गाठीतून सुईने नमुना घ्यायचा असेल, तर अधिक वेळ लागतो. घशात औषध उडवताना ते कडू लागते, जीभ व घसा जाड झाल्यासारखे वाटतात आणि गिळता येत नसल्याचा भास होतो. ही औषध लागू पडल्याची खूण आहे, संकटाची नव्हे.

घसा बधिर करण्यासाठी लिग्नोकेन वापरतात. ते वाफेवाटे द्यावे, फवाऱ्याने द्यावे की दोन्ही मार्गांनी, याची तुलना चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉक्टरांनी हजाराहून अधिक रुग्णांवर केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केवळ फवारा सर्वांत सरस ठरला. म्हणजे अधिक खर्च आणि अधिक औषध यातून अधिक आराम मिळतोच असे नाही. या औषधाला रुग्णाच्या वजनानुसार मर्यादाही असते. भारतातील अनेक केंद्रांत केवळ घसा बधिर करून तपासणी होते, तर काही ठिकाणी गुंगीचे इंजेक्शनही देतात. आपल्या रुग्णाला काय मिळणार, गुंगी हवी असल्यास देता येईल का, हे आधी विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. गुंगी दिल्यास त्यानंतर चोवीस तास वाहन चालवू नये, कोणत्याही दस्तऐवजावर सही करू नये. व्यापारी बंधूंनी यात धनादेशही धरावा.

नळी आत असताना बोलता येत नाही, आणि भयाचे खरे मूळ येथेच आहे. आपला त्रास कोणाला कळणारच नाही, असे रुग्णाला वाटते. म्हणून खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. हात वर केला की डॉक्टरांनी क्षणभर थांबावे. खोकला आला तर तो दाबण्याची धडपड न करता हळूहळू उथळ श्वास घेत राहावा. परिचारिकेने खांद्यावर हात ठेवून ‘‘आता पाणी सोडणार आहेत, थोडा खोकला येईल’’ एवढे सांगितले, तरी तेवढ्याने रुग्ण सावरतो. मनातल्या मनात नवकार मंत्राचे स्मरण करण्यास तर कोणत्याही परवानगीची गरज नाही.

जैन कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. तपासणीपूर्वी सामान्यतः सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही बंद ठेवतात. चौविहार करणारा रुग्ण मात्र सूर्यास्तापासूनच निर्जल असतो. सायंकाळी सहाला पाणी सोडलेल्या वृद्धाचा क्रमांक दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला लागला आणि घशाचा बधिरपणा उतरण्यास आणखी दोन तास गेले, तर वीस तास विनापाण्याचे होतात. बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत घोटभर पाणी देणेही धोक्याचे, कारण ते श्वासनलिकेत उतरू शकते. तपासणी संध्याकाळकडे गेली तर तेवढ्यात सूर्यास्त होतो आणि व्रतस्थ रुग्ण नवकारशीपर्यंत तहानलेला राहतो. म्हणून चौविहार, आयंबिल वा उपवास चालू असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि सकाळचा पहिला क्रमांक मागून घ्यावा. पर्युषणातील तपश्चर्येविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःच्या मनाने चालू वा बंद करू नयेत.

तुकडा काढल्यानंतर थुंकीत रक्ताची पुसट रेघ दिसणे किंवा दिवसभर थोडा ताप येणे संभवते. परंतु अधिक रक्त पडले, छातीत दुखू लागले वा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना केली आहे. वैयावच्च म्हणजे केवळ पाय दाबणे नव्हे. रुग्णाला खरे सांगणे आणि त्याच्याजवळ थांबणे हेही वैयावच्चच आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात रुग्णालयांना यंत्रे देण्याचे संकल्प होतात आणि ते स्तुत्यच आहेत. यंत्रावर दात्याच्या नावाची पट्टी लावता येते. धीर देणाऱ्या हातावर ती लावता येत नाही, म्हणून तो हात दुर्लक्षित राहतो. ट्रस्टने तीन छोट्या गोष्टी हाती घ्याव्यात. तपासणीची माहिती देणारे सोप्या मराठीतील एक पत्रक छापावे. एकट्या येणाऱ्या रुग्णासोबत बसण्यासाठी आणि त्याला घरी पोहोचविण्यासाठी आठवड्याचे वार वाटून घेणारे स्वयंसेवक नेमावेत. ही तपासणी होऊन गेलेल्या साधर्मिकांनी नव्या रुग्णाला आदल्या दिवशी भेटून, न फुगवता आणि न लपवता, आपला अनुभव सांगावा. या कामांना मोठा निधी लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

पन्नास वर्षांत ट्रस्टने पुष्कळ दिले. पुढील काळात एका भयभीत जीवाचा जरी श्वास या प्रयत्नांनी शांत झाला, तरी चौथ्या दानाची नोंदही या वहीत होईल.

जय जिनेंद्र.