हस्तव्यवसायातील प्रतिकृती व चमकीचा कण



हस्तव्यवसायाच्या तासाला प्रतिकृती करावयाची ती केवळ वर्गाच्या शोभेसाठी नव्हे. मूळ वस्तूकडे नीट पाहण्याची सवय मुलास लागावी, हा तिचा खरा हेतू होय. दिवा येथील एखाद्या शाळेने पैठणीच्या पदरावरील मोर हा विषय घेतला, असे समजू. डिंकावर चमकी भुरभुरली की मोर चमकतो खरा; परंतु तो पैठणीचा मोर राहतो काय?

पैठणीच्या जरीची झळाळी सलग असते. ती ठिपक्याठिपक्यांनी लुकलुकत नाही. म्हणून चमकी निवडताना रंगाआधी कण पाहावा. बाजारातील चमकी म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे षट्कोनी तुकडे. षट्कोन एकमेकांस बिलगून बसत असल्याने कापताना पापुद्रा फारसा वाया जात नाही. बारीक कण सुमारे ०.२ मिलिमीटरचा, तर जाडा १ मिलिमीटरचा वा त्याहून मोठा असतो. २ मिलिमीटर रुंदीच्या रेषेत जाडे कण दोनच मावतात व कड दातेरी होते. बारीक कण दहा मावतात व रेषा स्वच्छ उमटते. सर्वांत बारीक रेषेच्या रुंदीत निदान पाच कण मावावेत, हा सोपा आडाखा ध्यानी ठेवावा.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. जो कण प्रतिकृतीस उत्तम, तोच मुलास अपायकारक. तो वाऱ्याने उडतो, डोळ्यांत जातो, बोटांवरून तोंडात जातो. हात धुतले की तो गटारात व तेथून खाडीत जातो आणि प्लॅस्टिक असल्याने कुजत नाही. दिव्यासारख्या खाडीकाठच्या गावाने ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. युरोपीय संघाने २०२३ साली सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले, तेही असे सूक्ष्म कण निसर्गात साचू नयेत म्हणूनच.

यावर उपाय असा की, कण लहान करण्याऐवजी चित्र मोठे करावे. चौकटी आखून मोर अडीचपट केला की २ मिलिमीटरची रेषा ५ मिलिमीटरची होते व जाड्या कणाने काम भागते. ते चित्र भिंतीवर लावून तीन मीटरांवरून पाहावे. इतक्या अंतरावरून १ मिलिमीटरचे कण डोळ्यास फारसे वेगळे दिसत नाहीत, आणि झळाळी बरीचशी सलग भासते. शिवाय प्रमाणाचे गणितही हाताखालून जाते.

पहिली-दुसरीच्या मुलांस चमकी देऊच नये. सोनेरी कागदाच्या पट्ट्या पुरेत. वरच्या वर्गांत पंखा बंद ठेवून, खाली मोठा कागद अंथरून काम करावे. सांडलेली चमकी कागद दुमडून बाटलीत परत भरावी. हातांचे कण धुण्यापूर्वी ओलसर कागदाने टिपावेत व तो कागद सुक्या कचऱ्यात टाकावा.

शेवटी मुलास एकच विचारावे: “हाच कण का घेतलास?” त्याला कारण सांगता आले, तर मोर थोडा वाकडा झाला तरी हरकत नाही, तासाचे सार्थक झाले.