अग्निगोल आणि त्याचे साक्षीदार
(भाषणाचा संक्षेप)

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भातील अनेक गावांनी आकाशातून जळत जाणाऱ्या गोळ्यांची एक रांगच पाहिली. कोणी तिला उल्कापात म्हटले, कोणाला विमान कोसळल्याची शंका आली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. उल्का काही घडीव कडी टाकीत नाही! चीनच्या चांगझेंग-३बी प्रक्षेपकाच्या एका टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी अनुमान काढले.

हा भेद साध्या डोळ्यांनाही ओळखता येतो. शुक्राहून तेजस्वी उल्केस अग्निगोल म्हणतात. उल्का सेकंदाला किमान अकरा आणि कधी सत्तर किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही सेकंदांतच विझते. प्रक्षेपकाचा अवशेष सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ क्षितिजाला समांतर येतो. त्यामुळे तो मिनिटभरही तुकडे मागे सोडीत जाताना दिसू शकतो. साक्षीदाराने प्रथम काळ मोजावा, तो यासाठी.

साक्षीचे मोल केवढे असते, हे सौराष्ट्रातील धजाला गावाने दाखविले. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री तेथे अग्निगोल दिसला आणि अशनींचा वर्षाव झाला. त्या मार्गाचे छायाचित्र नव्हते. तरीही प्रत्यक्षदर्शींच्या कथनांवरून शास्त्रज्ञांनी त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढली. ती मंगळ व गुरू यांमधील लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचत होती. सामान्य माणसांच्या स्मरणातून एवढा दूरचा पत्ता लागावा, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र 'समोरच्या टेकडीमागे पडला' ही साक्ष उपयोगाची नाही. अग्निगोल तेजस्वी दिसतो तो कित्येक किलोमीटर उंचीवर. टेकडीमागे गेलेला गोल प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्यावर असू शकतो. त्याऐवजी साक्षीदाराने होता तेथेच उभे राहून, तो कोठे दिसू लागला व कोठे विझला, हे झाड, घराचे आढे वा देवळाचा कळस यांच्या खुणेने सांगावे. निरनिराळ्या गावांतील अशा दिशा नकाशावर जेथे छेदतात, तेथे मार्ग सापडतो. गडगडाट ऐकू आल्यास तो किती वेळाने आला, हेही नोंदवावे. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापावयास सुमारे तीन सेकंद लागतात. प्रकाश विझल्यावर दीड मिनिटाने आवाज आला, तर तो सुमारे तीस किलोमीटरांवरून आला. शाळेतील शिक्षकाने दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून ही माहिती लिहून घेतली, तर ती अधिक विश्वसनीय ठरेल. आठवड्याने ती वर्तमानपत्रातील मजकुराशी मिसळून जाते.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात भर दुपारी अशनी पडले. असा दगड बाहेरून पातळ काळ्या कवचाचा असतो. तो फोडू नये, धुऊ नये, त्यास चुंबकही लावू नये. जागेची नोंद करून तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. धातूची टाकी अथवा गोल असेल, तर मात्र हातही लावू नये. तिच्यात विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. गर्दी दूर ठेवून पोलीस पाटलाने लगेच ठाण्यास वर्दी द्यावी.