वाखाचं बळ

अंबाडीच्या वाखाचा धागा दोन्ही हातांनी ओढून पाहा. बोटाला काचतो, पण सहजी तुटत नाही. हे बळ सेल्युलोजचं. त्याचे सूक्ष्म तंतू धाग्याच्या आत पिळासारखे फिरतात. तागात हा पीळ जवळजवळ सरळ, म्हणून ताग ताठ. काथ्यात तो तिरका, म्हणून काथ्या ताणला की लांबतो आणि धक्का सोसतो.

असे धागे प्लास्टिकच्या राळेत बसवले की संमिश्र पदार्थ तयार होतो. भार धागे पेलतात, राळ त्यांना एकत्र धरते. पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट मोटारीचे बाह्य पत्रे कापसाचे तंतू आणि फिनॉलची राळ यांचेच होते.

अशा पदार्थांत एरवी काचतंतू वापरतात. त्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम, तर तागाची 1.5 च्या आसपास. म्हणून तागाची वस्तू हलकी होते; मात्र ताकदीत काचतंतूच सरस.

अडचण पाण्याची. वनस्पतीचा धागा पाणी पितो, फुगतो आणि राळेपासून सुटतो. म्हणून तो आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुतात. मेण निघतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि राळेची पकड घट्ट बसते.