तांड्यावरची कोथळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट दोन वर्षांपासून मनाला टोचते आहे. ती आपल्या माणसांत बोलून टाकावी, एवढ्यासाठी उभी राहिले. विषय अगदी साधा आहे. विषय आहे पिशवी.

झाले असे की, माझ्या मुलाने वाचनालयातून एक चित्रांचे पुस्तक आणले होते. त्यात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या पिशव्या होत्या. तिकडे अँडीज नावाचा मोठा पर्वत आहे. तेथील लोक कोका नावाच्या झाडाची पाने चघळतात आणि ती ठेवायला लहानशी विणलेली पिशवी जवळ बाळगतात. तिला 'चुस्पा' म्हणतात. पानाबरोबर ते चुना किंवा राख खातात. हे वाचून मला हसू आले. म्हटले, ही तर आपली चंची! आपल्या आजोबांच्या कमरेला पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी असलेली चंची असे, तीच तिकडे निराळ्या नावाने नांदते आहे.

त्या बायकांचा मागही मोठा साधा. त्याचे एक टोक झाडाला किंवा खुंटाला बांधायचे आणि दुसरे पट्ट्याने आपल्या कमरेला. बाई मागे रेलली की सूत ताणले जाते, पुढे झुकली की सैल पडते. हव्या त्या मापाचेच कापड विणायचे, त्याला कात्री लावायची नाही. चारही बाजूंना काठ असलेला तुकडा दुमडून शिवला की पिशवी तयार. लामा नावाच्या जनावराच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो ओझे लादून त्यांचे तांडे डोंगर उतरत, आणि त्या ओझ्याची पोतीही घरीच विणलेली असत. पेरूच्या पाराकास भागात १९२७ साली हुलिओ तेयो या संशोधकाने वाळूत पुरलेली चारशेहून अधिक प्रेतांची गाठोडी शोधून काढली. त्यांच्यावर गुंडाळलेली वस्त्रे सुमारे दोन हजार वर्षांची. तरी रंग शाबूत! तिकडे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून ती टिकली.

हे पुस्तक बंद केले आणि मला माझ्या सासूबाईंची ट्रंक आठवली.

त्या ट्रंकेत एक कोथळी होती. लाल जाड्याभरड्या कापडाची, पिवळ्या-निळ्या-पांढऱ्या दोऱ्याने गच्च भरलेली, कडेला कवड्या लावलेल्या. जवळच्या तांड्यावरची एक बंजारा बाई आमच्या शेतात कापूस वेचायला येत असे. तिच्या बाळंतपणात सासूबाईंनी रात्रभर तिच्या उशाशी बसून काढली होती, म्हणून तिने ती दिली होती. सासूबाई गेल्या. दिवाळीची आवराआवर करताना मी चार जुन्या साड्यांबरोबर ती कोथळी भांडेवालीला देऊन टाकली. बदल्यात स्टीलचा एक डबा घेतला. आणखी एक वाटी मिळावी म्हणून घासाघीसही केली!

पुढे वर्षभराने त्या बाईची नात माझ्याकडे आली. शिकलेली, शाळेत शिक्षिका असलेली मुलगी. म्हणाली, "काकू, आमच्या आजीने तुमच्या घरी एक कोथळी दिली होती म्हणे. आमच्या घरी तिच्या हातचे आता काहीच उरले नाही. नुसती बघायला मिळेल का?" भगिनींनो, मी मान वर करू शकले नाही. खरे काय ते सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "असू द्या काकू, आमच्या आईनेही बाकीच्या अशाच दिल्या." तिने मला दोष दिला नाही, म्हणून ते अधिकच लागले.

तिच्याबरोबर मी तांड्यावर गेले. इतकी वर्षे मी या जिल्ह्यात राहते, पण तांड्यावर पाऊल टाकले ते प्रथमच. जिथल्या पुसद तालुक्यातील गहुलीच्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, त्या जिल्ह्यातल्या बाईची ही गोष्ट!

तेथे एक म्हातारी याडी भेटली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिने मला काम समजावून दिले. कापडावर आधी काही रेखाटायचे नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. चौकोनात चौकोन भरत जायचे. मग चौकोनी कापडाचे कोपरे मध्यभागी आणायचे, तीन शिवून टाकायचे आणि चौथा झाकणासारखा मोकळा ठेवायचा. झाली कोथळी. डोक्यावर घागर असली की तिच्याखाली चुंबळ, आणि चुंबळीला मागे लोंबणारे भरतकामाचे कापड ते गळणो. आपण अंगणात रांगोळीचे ठिपके मोजतो, तशी ती धागे मोजत होती.

या लोकांचा सगळा संसारच बैलाच्या पाठीवर होता. लमाण हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून आले असे सांगतात. सतराव्या शतकात तावेर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. बैलाच्या दोन्ही अंगांना धान्याच्या व मिठाच्या गोणी असत. इंग्रजीतला 'गनी' हा शब्द आपल्या गोणीवरूनच गेला. पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि बैलांचा धंदा बसत गेला. त्यातच इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. बंजाराही त्यातून सुटले नाहीत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण माणसांच्या मनातला शिक्का इतक्या लवकर पुसत नाही. आपणही आपल्या मनाला विचारून पाहावे.

मी याडीला म्हटले, "इतकी सुंदर कला, तुमच्या मुलींनी सोडायला नको होती." ती हसली आणि म्हणाली, "बाई, तू नुसती बघतेस. हा जड फेटिया आणि कांचळी घालून वैशाखात शेतात राबून बघ." मला उत्तर सुचले नाही. खरेच आहे. नऊवारी आपल्याला सोयीची वाटेना तेव्हा आपण सोडलीच ना? मग तिच्या नातीने साडी किंवा पंजाबी ड्रेस घातला तर आपण हळहळण्याचे कारण काय? अंगावरचा वेष बदलणार. पण हातातले काम तरी जाऊ नये, आणि त्याचे मोल काम करणारीला मिळावे, एवढे आपण म्हणू शकतो.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३ साली हम्पीला साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी केलेले १७५५ नमुने मांडले गेले व त्याचा जागतिक विक्रम झाला. आपल्या शेजारी, वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या स्थानी २०२४ साली बंजारा संस्कृतीचे संग्रहालय उघडले. मंडळाची सहल एकदा तिकडे न्यावी, अशी माझी सूचना आहे.

आणखी दोन गोष्टी सुचवते. पहिली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकच्या वस्तू लुटतो, त्याऐवजी एक वर्ष तांड्यावरच्या बायकांकडून लहान बटवे करून घ्यावेत, आणि ती सांगेल तो भाव द्यावा. दुसरी, आपापल्या घरातील ट्रंका उघडाव्यात. जुने भरतकाम, गोधडी, चंची, काही असेल तर ते कोणी, कोणासाठी केले, हे एका वहीत लिहून ठेवावे. पेरूची वस्त्रे कोरड्या वाळूने सांभाळली. आपल्याकडे पावसाळा आहे, कसर आहे, आणि माझ्यासारख्या डब्याच्या लोभी बायका आहेत. येथे माणसानेच सांभाळले तर सांभाळले जाईल.

तो स्टीलचा डबा अजून माझ्या फळीवर आहे. त्यात मी मीठ भरते. झाकण उघडताना रोज ती कोथळी आठवते.