संध्याकाळची मालिका आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही, तेव्हा घरात बोलते तसेच बोलेन. विषय आहे दूरचित्रवाणीचा. १९८७ साली 'रामायण' लागले, तेव्हा अख्खी आळी एका घरी जमत असे. आज घरोघरी संच आहे.

मालिका पाहू नका, असे मी म्हणणार नाही, मीही पाहते. 'आई कुठे काय करते' २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली, ती मला फार आवडली. घरकामाला कोणी काम म्हणत नाही, हे आपले दुखणे तिने मांडले. पण ती चालली २०२४ पर्यंत! मग त्या अरुंधतीवर एकामागून एक संकटे आणणे भागच पडले. 'चार दिवस सासूचे' तर २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग. इतकी वर्षे कोणत्या घरात कट शिजतात हो? आपल्याला डाळ शिजवायला वेळ पुरत नाही.

त्यामागे व्यवहार आहे. काही निवडक घरांतल्या संचांना यंत्र जोडलेले असते. कोण काय पाहतो, याचे आकडे त्यावरून दर आठवड्याला निघतात. आकडा चढला की साबण-मसाल्यांच्या जाहिरातींचा दर चढतो. आपल्या गावचा काचेचा कारखाना १९०८ साली पैसा फंडातून उभा राहिला. लोकांनी पैसा पैसा दिला, पण समजून दिला. इथे आपण रोजचे दोन तास देतो आणि ते विकले जातात, हे आपल्या गावीही नसते.

आमच्या आळीत एका घरची नवी सून गॅलरीत जाऊन फोनवर हळू बोले. सासूबाईंना संशय आला. मालिकेत पाहिले होते तशा त्या दाराआड उभ्या राहून ऐकू लागल्या. मुलगी चाकणच्या कंपनीत कामाला. रात्रपाळी लागणार आहे, सासरी कसे सांगू, एवढेच ती आईला विचारत होती. पण तेवढ्यावरून दोघी महिनाभर एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. पहाटे कंपनीच्या बससाठी धावणारी अशी मुलगी माझ्या पाहण्यातल्या मालिकांत नाही. तिथल्या सुना भरजरी साडीत स्वयंपाक करतात. भांडी कोण घासते, देव जाणे.

२०२० साली टाळेबंदीत चित्रीकरण थांबले आणि काही महिने नवे भाग आले नाहीत. तेव्हा माझ्या सासूबाई बोलू लागल्या. १९६१ सालच्या पानशेतच्या पुरात पुण्यातले त्यांचे माहेरचे घर गेले होते. लग्नाला वीस वर्षे होऊन मला हे ठाऊक नव्हते! कोणत्या बोळातून बाहेर पडल्या, पहिले जेवण कोणी घातले, सारे त्यांनी आठ दिवस पुरवून सांगितले. रोज गोष्ट अर्धी ठेवून, बरे का!

आता जेवताना आमचा संच बंद असतो. साडेआठची मालिका मात्र सासूबाईंची सुटलेली नाही. ती आम्ही दोघी मिळून पाहतो. जाहिरात लागली की मी आवाज बंद करते, आणि त्या आपले काही सांगू लागतात.