अर्धांगवायु आणि प्राणवायु

डब्याच्या तळाशीं राहिलेलें तूप फार दिवसांनीं खवट लागतें, पावसाळ्यांत विळीचें पातें गंजतें. दोन्ही ठिकाणीं काम करणारा हात प्राणवायूचाच. ज्याच्यावांचून मनुष्य कांहीं मिनिटेंहि जगूं शकत नाहीं, तोच वायु भोंवतालचे पदार्थ हळूहळू नासवीत असतो. त्याच्या या दुहेरी स्वभावाचा कठोर प्रत्यय अर्धांगवायूच्या झटक्यांत येतो.

मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें २ टक्के; परंतु शरीरांत खर्च होणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के तो एकटा घेतो, आणि साठा म्हणून जवळजवळ कांहींच ठेवीत नाहीं. बहुतेक झटक्यांत रक्ताची गुठळी एखादी रक्तवाहिनी बंद करते. (वाहिनी फुटून होणारा प्रकार निराळा, त्याचा विचार येथें नाहीं.) गुठळी विरघळून रक्त पुन्हां वाहूं लागलें कीं संकट टळलें, असें कोणासहि वाटेल. सर्वस्वीं तसें घडत नाहीं. बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसापुढें एकदम पंचपक्वान्नांचें ताट ठेवावें, तशी त्या पेशींची अवस्था होते. त्यांची आंतील यंत्रणा बिघडलेली असते. आलेला प्राणवायु त्यांना नीट वापरतां येत नाहीं, आणि त्यापासून मुक्त मूलकें, ज्यांना इंग्रजींत फ्री रॅडिकल म्हणतात तीं, भराभर निर्माण होतात.

हीं मूलकें म्हणजे काय? रेणूंतील इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीजोडीनें राहतात. एखादा एकाकी राहिला, तर तो रेणु शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी आपल्या शेजाऱ्याचा. अशी लुटालूट पुढें चालू राहते. तूप खवट होतें तें याच रीतीनें. आणि मेंदूच्या पेशींचीं आवरणें मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचीं असल्यामुळें तींहि याच रीतीनें नासतात. मोझेस गोमबर्ग यांनीं १९०० मध्यें मिशिगन विद्यापीठांत असें पहिलें मूलक ओळखलें, तेव्हां तें प्रयोगशाळेंतील एक नवल होतें. पुढें १९६९ मध्यें मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं अशा मूलकांना आवरणारें एक एन्झाइम शरीरांतच दाखवून दिलें. पहारेकरी आहे तेथें चोरहि असलाच पाहिजे!

मग बाहेरून आणखी पहारेकरी कां पाठवूं नयेत? मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांवर शास्त्रज्ञांनीं याच आशेनें पुष्कळ श्रम घेतले. त्यांत एन. एक्स. वाय. ०५९ या औषधाची कथा मोठी उद्बोधक आहे. प्राण्यांवर तें गुणकारी ठरलें. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चांचणींत रोग्यांनाहि थोडा लाभ दिसला. मात्र २००७ मध्यें सुमारें ३,३०० रोग्यांच्या दुसऱ्या चांचणीचा निकाल आला, आणि लाभ नाहींसा झाला. कारणें शोधतां दिसून आलें कीं, प्रयोगशाळेंतील उंदीर बहुधा तरुण व निरोगी. झटका कोणत्या मिनिटाला आला हें प्रयोगकर्त्यास ठाऊक. रुग्णालयांत येतो तो वृद्ध, रक्तदाब व मधुमेह यांनीं जर्जर झालेला आणि कित्येक तास उशिरा. जपानांत एडारावोन या औषधास २००१ पासून मान्यता आहे व तें भारतांतहि मिळतें. परंतु जगांत सर्वत्र तें स्वीकारलें गेलेलें नाहीं.

घरोघर घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचें काय? ब्रिटनमध्यें हृदयविकार वगैरेंचा धोका असलेल्या २०,००० हून अधिक लोकांना पांच वर्षें ई, सी व बीटा कॅरोटिन देऊन पाहिलें गेलें. २००२ मध्यें निकाल आला: झटक्यांची संख्या कमी झाली नाहीं. फळें व भाज्या खाव्या, त्यांत वाद नाहीं. पण बाटलींतील गोळी म्हणजे कवच नव्हे.

राहिला तो काळाचा हिशेब. मोठी वाहिनी बंद पडली असतां मिनिटागणिक सुमारें १९ लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्यें मांडला गेला. म्हणून परतणाऱ्या रक्ताबरोबर मूलकें येत असलीं तरी रक्त परत आणणेंच श्रेयस्कर ठरतें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. निवडक रोग्यांत नळी घालून गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत जाते. यासाठींच डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो असा: रोगी अगदीं ठीक असा शेवटचा केव्हां दिसला? झोपेंत झटका आला असल्यास घड्याळ सकाळच्या जागेपणापासून नव्हे, रात्रीं निजतांनाच्या वेळेपासून मोजतात. आणि ती वेळ बहुधा घरांतील ज्या माणसानें शेवटचा दिवा मालवला, त्यालाच सांगतां येते.